कोंबडी त्यांची, पॉइंट आमचा

‘आम्ही खिलाडूवृत्तीने खेळलो.’

हे वाक्य शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा ज्याने उच्चारलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा होता. वसई-विरार पट्ट्यातल्या शाळांचे सामने मी आमच्या साप्ताहिकासाठी वर्षानुवर्षं लिहिले. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात मोडायचो, पालघर अजून वेगळा झाला नव्हता. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, क्रिकेट, जे असेल ते. सामना संपला की कानावरची पेन्सिल काढायची, कर्णधारापुढे उभं राहायचं आणि विचारायचं, ‘काय रे, कसा झाला खेळ?’ की आलीच खिलाडूवृत्ती. जिंकला तरी तीच, सपाटून मार खाल्ला तरी तीच. पोराच्या मागे त्याचे पीटीचे सर उभे असायचे आणि पोराबरोबर त्यांचेही ओठ हलत असायचे.

एका सरांनी तर कमालच केली. सामना सुरू व्हायच्या आधीच माझ्या हातात चिठ्ठी दिली. ‘ताई, ही आमच्या कर्णधाराची प्रतिक्रिया. हरलो तर वरची घ्या, जिंकलो तर खालची.’ मी वाचली. दोन्हींत एका शब्दाचा फरक होता. सामना बरोबरीत सुटला, तेव्हा सर माझ्याकडे धावत आले आणि म्हणाले, मधली लिहून देतो, दोन मिनिटं थांबा.

मी मग पोरांना नळावर गाठायला शिकले. सामना संपला की सगळी पोरं पाण्यावर तुटून पडतात आणि सर लोक पाहुण्यांभोवती चहाला जमतात. तेवढ्यात गाठायचं. तोंडावर पाणी मारताना पोरगं जे बोलतं ते त्याचं स्वतःचं असतं. वाफाळतं, जरा शिवराळ, कधी कधी अगदी अन्यायाचं, पण त्याचं. आता नवीन प्रश्न उभा राहिला, की हे छापायचं का?

बाहेरच्या माणसाला वाटतं, शाळेतल्या पोरांच्या बोलण्याचं एवढं काय मोठंसं. कपाळ माझं! मोठ्या खेळाडूला पेपर म्हणजे काय ते ठाऊक असतं. तो तोलून बोलतो आणि अंगाशी आलं तर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणून हात झटकतो. पंधरा वर्षांचं पोर बोलतं आणि विसरून वडापाव खायला जातं. छापलेलं मात्र राहतं. गावात तर वाण्याच्या पुडीवर राहतं.

हे आम्ही अनुभवाने शिकलो. मी नवी होते तेव्हाची गोष्ट. वसईकडच्या एका ख्रिस्ती गावातल्या शाळेचा फुटबॉलचा संघ पाच गोलांनी हरला. नळावर कर्णधार म्हणाला, ‘आमचा गोली जाळ्यात उभा होता का जाळ्यावर वाळत घातला होता, तेच कळलं नाही.’ आमचे संपादक अण्णा हे वाक्य वाचून इतके हसले की त्यांनी ते चौकटीत टाकलं. अण्णांचं विरारच्या बाजारात छापखाना आणि साप्ताहिक असं दुहेरी दुकान होतं, लग्नपत्रिका आणि बातम्या एकाच टेबलावर. अंक शनिवारी निघाला. सोमवारी गोलीची आजी दारात हजर. लाल लुगडं, हातात छत्री, आणि पाऊस तर कधीच संपलेला.

‘काल रविवारच्या मिस्साला, प्रार्थनेला, सगळं देऊळ माझ्या नातवाकडं वळून वळून बघत होतं,’ आजी म्हणाल्या. ‘प्रवचन कोणी ऐकलं नाही. आणि ज्यानं हे सांगितलं तो कोण? माझ्या दुसऱ्या लेकीचा मुलगा. आता नाताळात दोघी बहिणी एका टेबलावर कशा बसणार ते तू सांग.’

अण्णा छापखान्याच्या मागच्या दाराने निघून गेले होते, म्हणून ऐकून मी घेतलं. पुढचं सांगायचं तर, तो गोली इतका पेटला की त्या हंगामात त्याने पुन्हा चेंडू आत येऊ दिला नाही, आणि नाताळात दोघी बहिणी एका टेबलावर बसल्या. पण अण्णांनी छत्रीचा धसका घेतला तो घेतलाच. त्यांनी नियम केला, की पोराचं झणझणीत वाक्य असेल तर ते घरी जाऊन, घरच्या मोठ्या माणसासमोर वाचून दाखवायचं. पोर आणि घर दोघं ‘हो’ म्हणाले तरच छापायचं.

त्यांना वाटलं, घरचे लोक वाक्य थंड करतील. अण्णांना मुलंबाळं नव्हती.

आचोळ्याला एक मुलगा होता. आईवडील दोघं मुंबईला नोकरीला, घरी आजी, कोकणातून आलेली. पोराने शतक ठोकलं आणि नळावर म्हणाला, ‘एकदम बकवास बॉलिंग होती. माझी आजी पण सिक्स मारेल.’ मी तीन जिने चढून ते आजीला वाचून दाखवलं. आजीने चष्मा पुसला.

‘मारेल काय? मारलेत. विटीदांडूत माझ्यासमोर एक मुलगा टिकत नव्हता. ते पण घाल. आणि नुसतं आजी नको, नाव घाल माझं.’

घातलं. पुढच्या आठवड्यात त्या गोलंदाजाच्या आजीचा कार्यालयात निरोप आला, त्या बाईंना म्हणावं एकदा मैदानात या. अण्णा आठवडाभर सामना ठरवायच्या गोष्टी करत होते. मला मात्र तेव्हाच कळलं, की घर हे काही वाक्य थंड करायचं ठिकाण नाही. म्हणून मी माझी आणखी एक चाळणी बनवली. वाक्य वाचायचं आणि डोळे मिटून सोमवारची सकाळ बघायची. शाळेची प्रार्थना, रांगा, वर मुख्याध्यापक, आणि रांगेत उभं असलेलं हे पोर. त्याचं त्या सोमवारी काय होईल? नुसते कान लाल होणार असतील तर छापायचं. ज्याला उलट उत्तर देता येत नाही अशा पोरावर बोट जात असेल तर नाही छापायचं. आणि बोलणाऱ्याच्या पायाखालची जमीन जाणार असेल तर शंभरदा विचार करायचा.

त्या शंभरदा विचाराची गोष्ट आता सांगते. त्यात एक मुलगी आहे. ती अर्नाळ्याच्या शाळेच्या कबड्डी संघाची कॅप्टन होती. तिचं नाव मी आत्ता सांगत नाही, का ते शेवटी कळेल. तूर्त कॅप्टन म्हणू.

तालुक्याचा अंतिम सामना विरारच्या एका मोठ्या शाळेत होता. यजमान तेच आणि अंतिम फेरीतला दुसरा संघही त्यांचाच. आता आमच्याकडची रीत अशी होती, की ज्यांच्या मैदानावर सामने, त्यांनी पंचांना जेवू घालायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं? सकाळी उपांत्य सामने, दुपारी जेवण आणि जेवणावर अंतिम सामना. कॅप्टनच्या संघातल्या पोरी झाडाखाली बसून चपाती आणि सुक्या जवळ्याची चटणी खात होत्या. आतल्या वर्गातून रश्श्याचा वास येत होता, तो माझ्याही नाकात गेला, खोटं कशाला बोलू.

कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. मैदानाबाहेर उभा राहतो आणि शेवटचा शब्द त्याचा. आमचे सरपंच चांगले जाडजूड गृहस्थ होते आणि त्या दुपारी त्यांच्या पापण्यांना ओझं झालं होतं. गुण सारखे, शेवटची चढाई, चढाईला कॅप्टन. तिने कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला, परत फिरली, तोवर दोघींनी तिचा घोटा धरला. ती मातीत आडवी झाली आणि सरपटत हात मध्यरेषेवर टेकवला. ‘कबड्डी कबड्डी’ हा दम तिच्या तोंडात सुरूच होता. मी दोरीला टेकून उभी होते, मला स्पष्ट ऐकू आला. माझ्यामागे चणेवाला होता, त्यालाही आला. सरपंचांनी एकदम मान वर केली, शिट्टी फुंकली आणि हात केला, दम तुटला. बाद. गुण यजमानांना, करंडकही त्यांनाच.

मी नळावर गेले. कॅप्टनने कोपराचं रक्त धुतलं, तोंडावर पाणी मारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

‘लिवा ताई. पंचांनी कोंबडी त्यांची खाल्ली आनि पॉइंट आमचा खाल्ला. आता ढेकर कोनाच्या नावानं देनार, तेवढं विचारून या.’

मी ते तिथेच वहीत उतरवून घेतलं. एवढ्या वर्षांत नळावर असं वाक्य मला मिळालं नव्हतं. दोन ओळींत अख्खा सामना! अण्णा हे चौकटीत नाही, पहिल्या पानावर टाकणार, हे मला तिथेच दिसलं.

पण आडवा आला रविवार. शनिवारी आमचा अंक निघायचा आणि रविवारी त्याच मैदानावर जिल्ह्याच्या संघाची निवड. निवड समितीचे प्रमुख कोण? तेच सरपंच. कॅप्टन दहावीला होती. तिच्या घरी ठरलेलं होतं, की जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर पुढे कॉलेज आणि कबड्डी दोन्ही, नाही लागलं तर खेळ बंद आणि आईबरोबर बाजाराला. तिच्याच संघातल्या एका मुलीने मला हे सांगितलं होतं. म्हणजे माझ्या वहीतलं ते वाक्य तिच्या गळ्याशी येणार होतं.

नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी मी अर्नाळ्याची बस पकडली. दुपारची वेळ, किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि कॅप्टनची आई ते उलटेपालटे करत होती. विरारच्या बाजारात तिची मासळीची पाटी असायची, अर्धं विरार तिला ओळखायचं. मी वाक्य वाचून दाखवलं. मनात म्हटलं, आता ही बाई कानाला हात लावेल, ‘नको गो बाय, पोरीचं नुकसान होईल’ म्हणेल आणि माझा प्रश्न सुटेल.

आई हातातला बोंबील खाली ठेवून लेकीकडे वळली.

‘एवढंच बोललीस? मी असते तर शिट्टी काढून घेतली असती त्याची!’ मग माझ्याकडे वळून, ‘लिव गो बाय. आनि माझं पन लिव. तो तुझा सरपंच माझ्याकडनं पापलेट नेतो नि वर दोन बोंबील फुकट मागतो. दर शनिवारी. त्याला फुकटचं खायची सवयच हाय.’

‘मावशी, ते नाही लिहिता येणार.’

‘का? खोटं हाय?’

‘खोटं नाही हो. पण रविवारी निवड आहे. तेच निवडणार आहेत.’

निवडणारा तोच, हे आईला माहीत नव्हतं. तिने लेकीकडे पाहिलं, लेक समुद्राकडे बघत होती.

‘ताई,’ कॅप्टन म्हणाली, ‘निवड खेळावर व्हते का गप बसन्यावर?’

खेळावर, असं म्हणाले असते तर ते खोटं, आणि गप्प बसण्यावर, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? माझा सगळा धंदाच गप्प न बसणाऱ्यांवर चाललेला. मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, ‘मी बोल्लेय, मी घाबरत नाय. छापा.’ आईनेही मान हलवली. नियमाने पोर हो म्हणालं होतं, घर हो म्हणालं होतं. अडलं होतं ते फक्त माझ्यापाशी.

त्याच्या दुसऱ्या दिवशी टेबलावर बसून मी वाक्याकडे बघत होते, तर दारात यजमान शाळेचे पीटीचे सर. पांढरेशुभ्र बूट, गळ्यात शिट्टी, हातात पेढ्यांचा पुडा. करंडकाचे पेढे. मी मनात म्हटलं, आले दाबायला. वाक्य छापू नका म्हणणार आणि मग मला जोर चढेल.

‘ताई,’ सर खुर्ची ओढून म्हणाले, ‘ती अर्नाळ्याची मुलगी नळावर काहीतरी बोलली म्हणे?’

‘बोलली.’

‘मग छापताय ना? छापाच. आपण काही मनात ठेवत नाही. बोलण्याचं स्वातंत्र्य आहे प्रत्येकाला.’

मी पेढा हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

‘आणि हो,’ सर पुढे झुकले, ‘नाव पूर्ण घाला हां. नाव, वडलांचं नाव, आडनाव. शाळेचंही. लोकांना कळलं पाहिजे कोण बोललं ते.’

हात्तिच्या! म्हणजे असं आहे होय. त्यांची कर्णधारही चढाईला खेळायची आणि रविवारी जिल्ह्याच्या संघात तिलाच जागा हवी होती. कॅप्टनचं वाक्य पूर्ण नावासकट शनिवारी सरपंचांच्या चहाबरोबर पोचलं, की रविवारी सरांना मैदानावर यायचीही गरज उरणार नव्हती. मी पेढा खाल्ला. चांगला होता. वाक्याचा निर्णय तिथेच झाला, पण डोकं काही शांत बसेना.

‘बरं ताई, आमच्या व्यवस्थेचा परिच्छेद घ्यायचा विसरू नका,’ सर म्हणाले.

आता हे परिच्छेद प्रकरण सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक सामन्याच्या बातमीच्या शेवटी यजमानांचे आभार असायचे. मांडव कुणाचा, ध्वनिक्षेपक कुणाचा, पंच आणि पाहुण्यांच्या भोजनाची चोख व्यवस्था कुणी ठेवली. तो परिच्छेद गाळला तर पुढच्या वर्षी मैदानावर चहासुद्धा मिळत नसे. मी आजवर तो एका ओळीत उरकायचे. त्या दिवशी मी पेन्सिलीला टोक केलं.

‘सर, यंदा जरा सविस्तर सांगा. एवढी मेहनत करता, एका ओळीत काय जातं? जेवणाला काय काय होतं?’

सर फुलले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

‘वडे, कोंबडीचं सुकं, रस्सा वेगळा, भात, सोलकढी. आणि शेवटी बासुंदी. बासुंदी आमच्या घरची, मिसेसने केलेली.’

‘अगं बाई! पंचांना आवडली असेल.’

‘आवडली? सरपंचसाहेबांनी दोनदा घेतली! मी स्वतः शेजारी उभा राहून आग्रह केला. पंचांना यजमानांनी असं सांभाळलं पाहिजे, तर स्पर्धा चांगली होते.’

‘आणि मग लगेच सामना?’

‘लगेच कसा? पान दिलं. खुर्चीत जरा टेकले, डोळा लागला त्यांचा. मी मुलांना सांगितलं, आवाज करू नका, सामना जरा उशिरा घेऊ. आपण माणुसकी बघायला नको?’

मी सगळं उतरवलं. मग आमच्या नियमाप्रमाणे शब्दन् शब्द त्यांना वाचून दाखवलं. मोठ्या माणसाला वाचून दाखवायचं बंधन नव्हतं, पण म्हटलं, इथे कसूर नको. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकच दुरुस्ती सुचवली, ‘डोळा लागला’ काढा, ‘विश्रांती घेतली’ घाला. घातलं.

‘आणि ताई, एक विनंती. हा परिच्छेद नेहमी तळाला जातो, कुणी वाचत नाही. जरा वर घ्या ना.’

‘किती वर घेऊ, सर?’

‘तुम्हाला योग्य वाटेल तितका.’

मला योग्य वाटला तितका घेतला. शनिवारच्या अंकात बातमीची सुरुवात अशी होती: ‘वडे, कोंबडीचे सुके, वेगळा रस्सा, सोलकढी व घरगुती बासुंदी असा बेत पंचांसाठी ठेवण्यात आला होता, असे यजमान क्रीडाशिक्षकांनी अभिमानाने सांगितले. सरपंचांनी बासुंदी दोनदा घेतली व त्यानंतर विश्रांती घेतली, असेही ते म्हणाले. विश्रांती संपल्यावर अंतिम सामना सुरू झाला. शेवटच्या चढाईत सरपंचांनी दम तुटल्याचा निर्णय दिला व यजमान संघ एका गुणाने विजयी झाला.’ बस्स. माझं मत नाही, कुणावर आरोप नाही, कुणा पोराचं नाव नाही. अण्णांनी प्रूफ वाचलं तेव्हा हसून हसून त्यांचा चष्मा छपाईच्या टाईपच्या खणात पडला आणि शोधायला दोन माणसं लागली.

चष्मा सापडल्यावर त्यांनी विचारलं, ‘आणि पोरीचं वाक्य?’

‘नाही घेत.’

‘तिला सांगितलंस?’

नव्हतं सांगितलं. नियम असा होता, की छापायचं ते वाचून दाखवायचं. जे छापत नाही ते जाऊन सांगायचं, असं नियमात कुठे होतं? त्या दिवशी तरी नव्हतं.

शनिवारी आगाशीपासून आचोळ्यापर्यंत लोक हसत होते. यजमान सरांनी ते कात्रण शाळेच्या फलकावर लावलं आणि सोमवारपर्यंत ते तिथेच होतं, मग कुणीतरी त्यांना समजावून सांगितलं असावं. शनिवारी बाजारात कॅप्टनच्या आईने सगळ्यांसमोर सरपंचांना विचारलं, ‘काय ओ सायेब, बासुंदीवर बोंबील चालतील का?’ सरपंच पापलेट न घेताच गेले.

रविवारी निवडीला ही गर्दी! अर्नाळ्याहून दोन टेंपो भरून माणसं आली होती. सरपंच आलेच नाहीत. निरोप आला, पोट बिघडलंय. तो निरोप ध्वनिक्षेपकावर वाचला गेला मात्र, अख्खं मैदान हसून लोळायचं बाकी राहिलं. उरलेल्या दोन निवडकर्त्यांनी दिवसभर पाण्याशिवाय कशालाही हात लावला नाही. कॅप्टन त्या दिवशी अशी खेळली, की आंधळ्यालाही तिला वगळता आलं नसतं. संध्याकाळी यादी वाचली, पहिलं नाव तिचं. यजमानांच्या कर्णधारालाही जागा मिळाली, दोघींचीही निवड झाली. म्हणजे सरांनी एवढे पेढे उगाच खर्ची घातले. माझ्या जिवात जीव आला. आईने माझ्या पिशवीत सुके बोंबील कोंबले. मी हवेत होते.

तेवढ्यात कॅप्टन आली. हातात आमचा अंक, घडी घालून घालून मऊ झालेला.

‘माझं वाक्य कुठंय?’

‘अगं, सगळं तेच तर आहे त्यात. तुझं नाव न घेता सगळं आलं. वेडे, म्हणून तर निवड...’

‘यात बासुंदी हाय. सर हाय, सरपंच हाय. मी कुठंय?’

मी म्हटलं, ‘तुझ्या भल्यासाठी.’

‘आमच्या शाळेचे सर पन तसंच सांगत व्हते त्या दिवशी, गप बस, तुझ्या भल्यासाठी.’ तिने अंक माझ्या हातात दिला. ‘त्यांनी पॉइंट खाल्ला. तुमी वाक्य खाल्लंत. विचारलं पन नाय.’

‘ठेवलंय मी जपून.’

‘लोनचं घाला त्याचं,’ ती म्हणाली आणि टेंपोत जाऊन बसली.

मला राग आला, मग हसू आलं आणि बसमध्ये बसल्यावर वाईट वाटायला लागलं. आजही तीच वेळ आली तर मी तेच करीन. ती पोरगी खेळली, शिकली, हे मला कुठल्याही चौकटीपेक्षा मोठं वाटतं. पण बोलणं तिचं होतं आणि धोकाही तिचा होता, आणि मी दोन्ही तिच्या हातून काढून घेतलं, हे तिने पंधराव्या वर्षी मला तोंडावर सांगितलं. सोमवारी मी अण्णांच्या नियमाला एक शेपूट जोडलं, की छापणार नसू तर तेही घरी जाऊन सांगायचं. ते काम पहिल्यापेक्षा अवघड निघालं. वाक्य छापलं म्हणून जेवढे लोक चिडले, त्याहून जास्त ते नाही छापलं म्हणून चिडले.

दुसऱ्या हंगामापासून तालुक्यात नवी रीत पडली, पंचांनी आपापला डबा आणायचा. सगळे पंच माझ्यावर दात खाऊन होते. एकाने तर डबा उघडून मला भेंडीची भाजी दाखवली, ‘बघा ताई, तुमची कृपा.’

कॅप्टन पुढे पीटीची शिक्षिका झाली आणि पंचही झाली. मधल्या वर्षांत एका मैदानावर तिची गाठ पडली. गळ्यात शिट्टी, हातात स्टीलचा डबा. मला बघून तिने डबा जरा उंच धरला आणि मैदानात निघून गेली. दिवसभर एकाही निर्णयाला कुणी चूक म्हटलं नाही. नळावर मी हरलेल्या संघाच्या पोरींना खोदखोदून विचारलं, काही म्हणजे काही मिळालं नाही.

आता या दिवाळी अंकासाठी लिहायला बसले, तेव्हा नियम आठवला. फोन लावला. ‘तुझं वाक्य छापायचं म्हणते. वाचून दाखवू?’

‘वाचा.’

मी वाचलं. कोंबडी, पॉइंट, ढेकर, सगळं. ती इतकी हसली की तिच्या घरातलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं.

मी विचारलं, ‘बदलायचंय काही? आता तू स्वतः पंच आहेस. पोरं तुलाच ऐकवतील.’

‘ऐकवू द्या. शब्द बदलू नका, ण पण लावू नका. तवा न होता, न राहू द्या.’

‘आणि नाव? नाव घालू की नको? घातलं तर कुठलं, आताचं?’

‘आताचं कशाला? माहेरचं घाला, पूर्ण,’ ती म्हणाली. ‘नयना मोरेश्वर वैती, कॅप्टन. पॉइंट त्या नावाचा गेलाय.’